ओला की सुका

टिळकनगरात, दुसऱ्या मजल्यावर,
वॉशिंग मशीनच्या डोक्यावर त्याची जागा.
कपडे पिळताना मशीन थरथरतं
तेव्हा तोही थरथरतो, सोबत म्हणून.

हेरंबने आणला, जहाजावर जायच्या आदल्या आठवड्यात.
म्हणाला, मी तिथून फोटो पाठवीन, तू छापत जा,
फोनमधला माणूस कुणाला खरा वाटत नाही.
शंभर चकचकीत कागदांचं पाकीटही आणलं.
त्यातले एकसष्ट अजून आहेत,
दमट हवेने कान मुडपून बसलेले.

सुरुवातीला छापले. फ्रीजवर लावले, आरशात खोचले,
एक ईराने गणिताच्या वहीच्या कव्हरात घातला.
मग थांबले. भांडण वगैरे काही नाही.
लॅबमधून यायलाच आठ वाजतात,
दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते मी,
नखांत गुलाबी मेण. मग कुकर, मग अभ्यास,
आणि फोटो तर फोनमध्ये आहेतच की.

परवा त्याने समुद्र पाठवला. नुसताच समुद्र.
ईरा म्हणाली, हा छाप.
कागद आत गेला, कुरकुरला, बाहेर आला
आणि समुद्र गुलाबी.
हा गुलाबी मी ओळखते.
रोज हातात असतो: कवळीच्या हिरड्यांचा.

मग सफाई. बटण दाबून धरायचं,
खर्रर्र, टक, खर्रर्र,
उपाशी माणसाने उगाच ढेकर द्यावी तसं.
तपासणीचं पान काढलं:
काळ्याचा जिना शाबूत, पिवळ्याचा शाबूत,
निळ्याच्या पायऱ्या गळालेल्या,
तिसरीनंतर थेट खड्डा.
पुन्हा सफाई. पुन्हा खड्डा.
नवी निळी डबी घ्यावी तर तेवढ्यात
आठवडाभराचे मासे येतात,
पापलेट नाही, बांगडे. पण येतात.

त्यातच रात्री नऊला लोबोबाई दारात:
नातवाचे पासपोर्ट फोटो, उद्या सकाळी सातला हवेत.
सांगून पाहिलं. ऐकेनात.
नातू निघाला उन्हात सोलून काढल्यासारखा.
चष्मा लावून बघत म्हणाल्या,
चालेल गं. तब्येत सुधारलेली वाटते.

शनिवारी टॅक्सीत मांडीवर घेऊन
लॅमिंग्टन रोडला नेला. खड्डा आला की
दोन्ही हातांनी धरायचा, ईरा तान्ही असताना धरायचे तसा.
मुस्तकीमने झाकण उघडलं, फुंकर मारली,
विचारलं, मॅडम, किती दिवसांनी चालवता?
मी पंख्याकडे पाहिलं.
आठवड्याला एक तरी कलर काढायचा, तो म्हणाला.
काय पण काढा. चालवला नाय तर सुकतोच.

मग मागची पट्टी काढून
त्याच्या पोटातून एक स्पंज ओढला,
जाड, काळाकुट्ट, ओथंबलेला.
सफाई करता ना, तो रंग जातो कुठे? हा बघा.
कागदावर आला त्याच्यापेक्षा इथेच जास्त.
चार वर्षांचं सगळं तिथे होतं,
निळा, गुलाबी, पिवळा, कुणाचा कोण कळू नये असं.
टाकू का? त्याने विचारलं.
नको, द्या, म्हणाले मी. का, ते विचारू नका.

घरी आल्यावर समुद्र छापला.
निळा. मधून एक बारीक पांढरी रेघ आडवी,
ती काही जात नाही म्हणे, मशीन जुनं झालं.
ईराने खालवर करून पाहिला.
म्हणाली, बाबाने पट्टी लावून क्षितिज मारलंय.
रात्री त्याला तोच फोटो परत पाठवला,
कागदावरचा, फ्रीजवर लावलेला,
शेजारी आमच्या दुधाचं बिल.
उत्तर आलं नाही अजून. तिकडे रेंज नसेल.

रविवारी सकाळी पारूबाईंनी बेल दाबली.
दोन बादल्या, हिरवी आणि निळी.
मी पिशवी पुढे केली.
त्यांनी आत डोकावून पाहिलं, नाक मुरडलं,
हे काय बाई? ओला की सुका?

मी बोटाने दाबून पाहिला.
मतदान करून आल्यासारखं
बोट निळं झालं.
थांबा, म्हणाले.
अजून ओला आहे.